ब्रेकर का लागेना?

चौल-रेवदंड्याच्या खाडीत कुंडलिका समुद्राला मिळते. तिच्या पाण्यातलं बरंचसं मुळात घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणातलं. सुमारे ५०० मीटर खाली उतरून ते भिऱ्याच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सुटतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचं वेळापत्रकही याच पाण्यावर बेतलेलं असतं.

वीजघर म्हटलं की अवाढव्य जनरेटर डोळ्यांपुढे येतो. रात्रपाळीच्या इंजिनियरला घाम फोडणारं दुखणं मात्र बहुधा कंट्रोल पॅनेलमधल्या नखाएवढ्या कॉन्टॅक्टमध्ये निघतं. बिघाड ओळखतो रिले, प्रवाह तोडतो ब्रेकर, आणि दोघांना जोडणारं सर्किट चालतं ११० किंवा २२० व्होल्टच्या बॅटरीवर. शॉर्टसर्किट झालं की मुख्य पुरवठ्याचा दाब ढासळतो; ऐन वेळी त्याच्यावर विसंबून कसं चालेल?

आता समजा, ब्रेकर लागतच नाही. नवशिका लगेच रिले बदलायला धावतो. जाणता आधी पॅनेलसमोर उभा राहून पाहतो: मास्टर ट्रिप रिले रिसेट केलाय का, सिलेक्टर स्विच ‘लोकल’वर राहिलाय का, स्प्रिंग चार्ज आहे का, सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचा दाब पुरेसा आहे का. यातली एक अट अपुरी असली तरी ब्रेकर हलणार नाही, आणि त्याने हलूही नये. हे सगळं ठीक असेल तर मीटर काढायचा. हुकूम देताना क्लोजिंग कॉइलवर पूर्ण व्होल्टेज येत असेल, तर दोष कॉइलचा किंवा यंत्रणेचा. येत नसेल तर सर्किटच्या मध्यावर मोजायचं, मग उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर. अशाने पन्नास टर्मिनलांची वाट पाच-सहा मोजण्यांत संपते. घाईत इंटरलॉकला वायरचा तुकडा लावून ब्रेकर ‘लावून दाखवणारे’ बहाद्दरही भेटतात. त्यांच्यापासून चार हात दूर राहावं.

ब्रेकर सुटेनासा झाला, तर ते याहून वाईट. ट्रिप कॉइल क्षणभराच्या प्रवाहासाठीच बनवलेली असते. ब्रेकर उघडला की त्याचाच सहायक कॉन्टॅक्ट तिचा पुरवठा तोडतो. महिनोन्‌महिने न हललेल्या यंत्रणेतलं ग्रीस घट्ट झालं, ब्रेकर अडकला, की प्रवाह वाहतच राहतो आणि कॉइल जळते. मग मागचे सगळे ब्रेकर उघडावे लागतात आणि एका फीडरच्या दुखण्यात अख्खा बसबार अंधारात जातो. म्हणूनच ट्रिप सर्किट शाबूत आहे की नाही, यावर पहारा ठेवणारा वेगळा रिले बसवतात.

किनाऱ्यावरच्या सबस्टेशनांत आणखी एक शत्रू असतो, खारी दमट हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवे झालेले खांब साऱ्या रायगडाने पाहिले. पॅनेलमधला बंद पडलेला हीटर कोण पाहणार? वास्तविक पॅनेल कोरडं ठेवण्याचं काम त्या स्वस्त हीटरचं. तो गेला की टर्मिनलांवर खारट ओल धरते आणि बॅटरीचा एक ध्रुव अर्थला गळू लागतो. अशी एक गळती निभावते, कारण बॅटरी थेट अर्थला जोडलेली नसते. दुसरी गळती नको तिथे झाली, तर प्रवाह रिलेच्या कॉन्टॅक्टला वळसा घालून थेट ट्रिप कॉइल गाठतो. ब्रेकर सुटतो, पण एकाही रिलेचा फ्लॅग पडलेला नसतो!

ही गळती हुडकायला एकेक फ्यूज काढून पाहणं हा जुना मार्ग. चालू वीजघरात तो जोखमीचा. त्यानेच एखादं यंत्र ट्रिप होऊ शकतं. त्यापेक्षा कमी वारंवारतेचा सिग्नल सोडून क्लॅम्प मीटरने त्याचा माग काढणं बरं. तेही शक्यतो सकाळीच, कारण पावसाळ्यात उघडीप मिळून ऊन चढलं की ओल सुकते, अलार्म आपोआप जातो आणि दुपारी आलेल्या तंत्रज्ञाला सर्किट ठणठणीत सापडतं.