गालावरचा प्रोब

नागपूर. दंत महाविद्यालयाची ओपीडी, सकाळचे अकरा. खुर्चीत 26 वर्षांचा तरुण, वर्ध्याकडचा.

"तीन बोटं उभी धरून तोंडात घाला, भाऊ."

एक बोट कसंबसं सरकतं, दुसरं दातांवर अडतं. डॉक्टर मोजतात : 22 मिलिमीटर. निरोगी तोंड 35 च्या वर सहज उघडतं.

"खर्रा किती?"

"दिवसाले पाच पुड्या. आठवीपासून."

गालाचं आतलं अस्तर पांढुरकं पडलंय. बोट फिरवलं की दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. सबम्युकस फायब्रोसिस. खर्र्यातल्या सुपारीत असलेल्या अरेकोलीनमुळे अस्तराखाली कोलॅजन साचत जातं आणि तोंड मिटत येतं. यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. पण गालाच्या बाहेरच्या बाजूला, चावण्याचं काम करणाऱ्या मॅसेटर स्नायूचं काय झालं, ते तोंडात डोकावून कळत नाही. म्हणून सोनोग्राफी.

"ते त बायकायची असते ना, मॅडम?"

"गालाचीही करतात. दुखत नाही."

थंडगार जेल लागतं, तो दचकतो. प्रोब कानाच्या खाली, जबड्याच्या कोनाजवळ आडवा टेकतो; दाबायचा नाही, दाबला तर स्नायू चपटा होऊन माप चुकतं. पडद्यावर हाडाची लखलखीत पांढरी रेघ उमटते, तिच्याखाली काळोख. रेघेच्या वर राखाडी पट्टा आणि त्यात बारीक पांढऱ्या रेषा. तोच मॅसेटर.

"जबडा सैल सोडा... आता दात घट्ट आवळा."

पट्टा डोळ्यांदेखत फुगतो. दोन्ही वेळची जाडी नोंदवली जाते, मग दुसरा गाल. डॉक्टर मला सांगतात, दिवसभर चघळून आधी हा स्नायू पैलवानाच्या दंडासारखा भरतो; रोग बळावला, जबडा हलेनासा झाला की वाळू लागतो. याचा अजून भरलेला आहे, आवळल्यावर फुगतोय. म्हणजे तोंड उघडण्याच्या व्यायामाला साथ देईल. हे ऐकून मलाच हायसं वाटतं.

राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. तरी चौकाचौकात खर्रा घोटला जातोच, आणि अशी तोंडं मिटत जातात. याचं वाईट वाटतं, रागही येतो.

तो पडद्याकडे बघत पुन्हा दात आवळतो. "हे माह्यं हाय?"

"तुमचंच. सांभाळा आता."

मग व्यायामासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत वरच्या-खालच्या दातांमध्ये बसवली जाते. अकरा मावतात. डॉक्टर बारावी काडी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवतात.

"पुढच्या सोमवारी ही बसली पाहिजे."