अडतविक्री, वाहनांची
अडतविक्री, वाहनांची : वापरलेले वाहन मालकाने व्यापाऱ्याच्या ताब्यात द्यावयाचे आणि व्यापाऱ्याने ते गिऱ्हाइकास विकून, ठरलेली अडत वजा करून, उरलेली रक्कम मालकास द्यावयाची, अशा व्यवहारास वाहनांची अडतविक्री म्हणतात. व्यापारी वाहन स्वतः विकत घेत नाही. त्यामुळे त्याचे भांडवल अडकत नाही आणि मालकास अधिक किंमत मिळण्याचा संभव असतो. मात्र विक्री होईपर्यंत मालकाच्या हाती पैसा येत नाही व दरम्यानची जोखीम बहुतांशी त्याच्यावर राहते.

जालना जिल्ह्यात अडत ही पद्धत मोंढ्यामुळे सर्वपरिचित आहे. शेतकऱ्याने आणलेल्या धान्याचा लिलाव होतो, अडत्या हिशेबपट्टी देतो व व्यवहार सामान्यतः लवकर पुरा होतो. वाहनाचे तसे नाही. ते व्यापाऱ्याकडे कित्येक आठवडे उभे राहते, गिऱ्हाइके ते चालवून पाहतात आणि या काळात परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मालकाचेच नाव असते. एमएच-२१ या संकेतांकाने जालन्यात नोंदलेल्या वाहनांनाही हेच लागू पडते. निवासाची सोय असलेल्या कॅरॅव्हॅनला गिऱ्हाईक मोजके असल्याने ही मुदत आणखी लांबते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. तथापि अशा वाहनांची संख्या अद्याप अल्प आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अडत्या हा मालकाचा अभिकर्ता ठरतो. मागणी होताच हिशेब देणे व आलेली रक्कम मालकास पोचती करणे त्यास बंधनकारक असते. याउलट, मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ प्रमाणे, मालकाच्या संमतीने माल ताब्यात असलेल्या व्यापारी अभिकर्त्याने नेहमीच्या व्यवहारात केलेली विक्री, गिऱ्हाईक प्रामाणिक असल्यास, अधिकार नसतानाही ग्राह्य ठरू शकते. अशा वेळी मालकास वाहनाऐवजी अडत्याविरुद्ध दाव्याचाच मार्ग उरतो.

अपघाताची जबाबदारी हा सर्वांत गंभीर प्रश्न होय. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्णय दिला, की वाहन दुसऱ्याच्या हाती गेले, तरी नोंदणी बदललेली नसल्यास नोंदणीकृत मालकच नुकसानभरपाईस जबाबदार राहतो. ही अडचण दूर करण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तीनुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाच वर्षे वैध असते. वाहन त्याच्या स्वाधीन केल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये दिल्यावर तो वाहनाचा मालक मानला जातो. ही मालकी मोटार वाहन कायद्यापुरती असते. विक्रीच्या पैशावरील हक्क करारानेच ठरतो. अधिकारपत्र नसलेल्या व्यापाऱ्याकडे वाहन ठेवणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून करारात किमान किंमत, अडतीचा दर, मुदत, विम्याची व दुरुस्तीची जबाबदारी, चालवून पाहण्याच्या अटी आणि रक्कम देण्याचा दिवस यांचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास तो आधी उतरवणे इष्ट असते. कोऱ्या हस्तांतरण नमुन्यांवर सह्या करून ते व्यापाऱ्याजवळ ठेवण्याची प्रथा मात्र मालकाच्या दृष्टीने धोक्याची ठरते.