डिपॉझिट आपलं नव्हे, भाडेकरूचं

इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच घर भाड्यानं देताय? पुण्या-मुंबईत डिपॉझिट मालकाच्या खात्यात पडून राहतं. इथे तसं चालत नाही.

वर्षाचं भाडं 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल, तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं. ते मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करायचं आणि भाडेकरूला तशी लेखी माहिती द्यायची. चुकलात, तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावतं. मला हे अठ्ठाविसाव्या दिवशी समजलं, थोडक्यात वाचलो!

चावी देण्याआधी खोल्यांचे फोटो काढा, सामानाच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या. पुढे वाद झालाच, तर पैसे का कापले हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.