महागाई भत्त्याचे कवच

समाजवादी व्यवस्था सोडून बाजाराकडे वळणाऱ्या देशांना अर्थशास्त्रात संक्रमणकाळातील अर्थव्यवस्था म्हणतात. नाव सौम्य आहे. रशियात २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक वस्तूंवरचे सरकारी भाव उठले आणि वर्षभरात किमती पंचवीसपटीच्याही वर गेल्या. बचत बँकेच्या पुस्तकातला आकडा तसाच राहिला, त्याचे मोल उडाले. पूर्वी पैसे असून माल मिळत नसे. आता माल होता, पैसे पुरत नव्हते.

आपल्याकडे असे झाले नाही. एक तर आपला समाजवाद अर्धाच. १९५५ साली आवडीच्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला, तरी शेत शेतकऱ्याचे आणि गिरणी बिर्लांचीच राहिली. सरकारने हाती ठेवला तो परवाना. २४ जुलै १९९१ च्या धोरणाने अठरा उद्योग वगळता तोही गेला. त्या साली महागाई भडकली, पण पटीत नव्हे, टक्क्यांत.

दुसरे कारण आपल्या घरातले. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत आधी दरबारची चाकरी, मग शाळा-कॉलेज, महालेखापालांचे कार्यालय. या नोकऱ्यांतला महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. भाव चढले की थोडा मागून का होईना, पगार चढतो आणि पेन्शनही. आपण त्याला किरकोळ वाढ समजतो. रशियातल्या पेन्शनरला विचारायला हवे होते.

लष्करापासून बिर्लानगर काही फार लांब नाही, पण तिथला हिशेब वेगळा. माधवराव महाराजांच्या काळात उभी राहिलेली जियाजीराव कॉटन मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. सारा दोष १९९१ च्या माथी मारणे बरोबर नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांचे स्वस्त कापड आधीपासूनच गिरण्यांच्या मुळावर आले होते. महागाई भत्ता गिरणीतही असतो, पण तो पगारावर मिळतो. पगारच थांबल्यावर भत्ता कशावर मोजणार? कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. एकाच शहरात, एकाच दशकात संक्रमण दोन तऱ्हांनी आले.

आता ते आपल्याही दारी आहे. सैन्यदले सोडून केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांची पुंजी बाजारात गुंतवली जाते आणि बाजार देईल ते हाती येते. १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्यासाठी एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय खुला झाला. तीत पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. त्या रकमेवर महागाईची भरपाईही मिळते.