पीसीओएस वडिलांकडूनही येतो

चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींची पाळी दोन-दोन महिने लांबली, की ‘शिफ्टमुळे होत असेल’ म्हणून विषय संपतो. हनुवटीवरचे केस पार्लरमध्ये निघतात. मानेवरचा काळपटपणा मळ समजून घासला जातो. तो निघत नाही, कारण बहुतेकदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. मग कधीतरी सोनोग्राफी होते, पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या हार्मोन्सच्या विकाराचं निदान होतं आणि घरात प्रश्न येतो, ‘आईला होतं का?’ मुलगी सासरी असेल, तर दोष थेट माहेराच्या माथी.

अनुवंशिकतेचा संशय चुकीचा नाही. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ च्या अभ्यासात तिचा वाटा सुमारे ७० टक्के निघाला. म्हणजे लेकीला पीसीओएस होण्याची शक्यता ७० टक्के, असं नव्हे. एकीला होतो, दुसरीला होत नाही, या फरकात जनुकांचा वाटा तेवढा. शिवाय दोषी जनुक एकच नाही. दहा हजारांवर रुग्ण स्त्रियांच्या २०१८ च्या अभ्यासात जनुकसंचातल्या १४ जागा पुढे आल्या. प्रत्येकीचा परिणाम किरकोळ. त्या एकत्र आल्या की जोखीम वाढते.

या जागा पुरुषांतही असतात. अंडाशय नसल्याने पाळीची तक्रार नसते, पण ब्रिटनमधल्या पुरुषांच्या २०२१ च्या अभ्यासात ही जनुकीय जोखीम जास्त असलेल्यांमध्ये लठ्ठपणा, मधुमेह आणि टक्कल यांचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून आईच्या पाळीइतकीच वडिलांची शुगरही डॉक्टरांना सांगायला हवी. आत्याचीही चौकशी करावी.

‘पण ती तर बारीक आहे’ हा दिलासा आपल्याकडे फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात बाळं वजनाने कमी, पण स्नायूंच्या मानाने चरबी जास्त अशी दिसली. काटा कमी दाखवत असला, तरी इन्सुलिनची तक्रार असू शकते.

निदानासाठी जनुकचाचणी लागत नाही. लक्षणं, रक्ततपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी पुरते. जनुकं बदलता येत नाहीत, पण झोप, व्यायाम आणि आहार सुधारला तर इन्सुलिनचं गणित सुधारतं. थर्ड शिफ्ट करणाऱ्या मुलीला सलग झोप मिळणं म्हणूनच चैन नव्हे, उपचाराचा भाग आहे. आणि घरात एकीला निदान झालं, की बहिणीची पाळी आणि भावाची शुगर, दोन्हींकडे लक्ष द्यावं.