आहेर बांधताना

दीपावली हा जसा घेण्याचा, तसाच देण्याचाही सण होय. पाडव्याची ओवाळणी, भाऊबीजेची भेट, जावयाच्या दिवाळसणाचा आहेर, शेजारी पाठवावयाचा फराळ, या साऱ्यांची सिद्धता पंधरवडाभर आधीपासून चालते. मात्र घेतलेली वस्तू बांधावयाची कशात, याचा विचार बहुधा ओवाळणीचे तबक सजल्यावरच होतो. मग कात्री शिवणाच्या डब्यात, दोरा फडताळात आणि गतवर्षीचा रंगीत कागद माळ्यावर चुरगळलेला! पाहुणे पाटावर बसतात आणि घरची लक्ष्मी मात्र घरभर धावत असते.

वेष्टनाचे महत्त्व किती मानावे, हे श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील सुदाम्याच्या कथेवरून ध्यानी येते. त्याच्या पत्नीने चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून ती पुरचुंडी पुढे करावयास सुदामा लाजला; भगवंतांनी ती स्वतः ओढून घेतली व प्रेमाने पोहे मुखी घातले. ही कथा आपण मुलाबाळांना सांगतो, आणि भाऊबीजेला झगमगत्या वेष्टनांची चढाओढही लावतो. त्या झगमगाटात एखाद्या बेताच्या परिस्थितीतील बहिणीला आपली साधी पुडी पुढे करण्याचा संकोच वाटला, तर तो दोष कोणाचा? ज्या घरी वेष्टन साधे असते, तेथे कोणाचीच भेट उणी दिसत नाही.

म्हणून आम्ही सुचवितो की, वसुबारसेपूर्वी घराची झाडलोट होते तेव्हाच या साहित्याचीही निरवानिरव करावी. सारे एका ठिकाणी काढावे. फाटके, चिकटलेले व चकाकीचा मुलामा दिलेले कागद बाजूला सारावेत. चांगला कागद हाताने सारखा करून काठीवर गुंडाळावा. साडीचे रिकामे खोके किंवा पत्र्याची लहान पेटी घेऊन तीत मोजकेच जिन्नस ठेवावेत: खाकी कागद, एखादा लाल वा पिवळा कागद, सुती दोऱ्याचे रीळ, गोंद, रुपयाचे नाणे लावलेली आहेराची पाकिटे आणि धुऊन घड्या घातलेल्या चार कापडी पिशव्या. कात्री लांब दोरीने पेटीच्या कडीलाच बांधावी, म्हणजे ती भटकत नाही. खाकी कागदाच्या कोपऱ्यास हळदीकुंकवाचे बोट लावले की तोच मंगल दिसू लागतो; निराळ्या शोभेची गरज उरत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ओटीचे खण व देवाला वाहावयाचे वस्त्र कोरेच असावे. त्यांची घडी या पेटीत न मिसळता निराळी ठेवावी. आणि श्रीगणेश किंवा लक्ष्मी यांची चित्रे छापलेला कागद वेष्टनास कधीही घेऊ नये. भेट उघडताना तो फाटतो आणि पायदळी येतो.

फराळाचा विचार निराळा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, कारण छपाईची शाई अन्नास अपायकारक ठरते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसा इशारा दिला आहे. मिठाईच्या खोक्यांवरील प्लॅस्टिकच्या पातळ आवरणावर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पण आपल्या वाडवडिलांना या दोहोंची गरजच कोठे होती? फळाफुलांना केळीचे पान, प्रसादाला पळसाचा द्रोण आणि फराळाला घरचाच डबा, वर स्वच्छ रुमाल. शेजारचा डबा रिकामा परत करावयाचा नाही, ही रीत अजूनही कित्येक घरांत पाळली जाते. चकल्या घेऊन गेलेला डबा करंज्या घेऊन परततो. त्यात वेष्टन वाया जात नाही आणि जिव्हाळाही वाढतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार आहे, शोभेचा नाही. पेटी सिद्ध असली, तर ओवाळणीच्या घटकेला गृहिणीचे हात मोकळे असतील आणि चित्तही निरांजनापाशी स्थिर राहील. यंदाच्या सणात प्रत्येक घरी हे स्वास्थ्य लाभो, हीच आमची श्रीलक्ष्मीचरणी प्रार्थना.