मलंगगडाची वहिवाट

कल्याणहून नेवाळी नाका ओलांडून मलंगगडाच्या पायथ्याशी पोचलं, की पहिला सवाल गुडघ्यांचा. वर हाजी मलंगबाबांच्या दर्ग्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. रुळावरून चढणाऱ्या फ्युनिक्युलर गाडीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तोवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना वर नेलं ते याच खांद्यांनी. गडावरच्या दुकानांतला मालही बहुतेक असाच खांद्यांवरून वर गेला.

चढणीलाही शिस्त आहे. बख्तावर शाह बाबांच्या दर्ग्याशी ‘पहिली सलामी’, सुलतान शाह बाबांच्या दर्ग्याशी दुसरी. दम खायचा तोही तिथेच. मग गडाच्या माचीवर मुख्य दर्गा: येमेनहून बाराव्या शतकात आले असं सांगतात त्या हाजी अब्दुल रहमान यांचा, म्हणजे हाजी मलंगबाबांचा. बालेकिल्ल्याचा उभा कातळ अजून डोक्यावरच असतो. भाविक मात्र सहसा माचीवरूनच परत फिरतात.

इथली वहिवाट केतकरांकडे, म्हणजे कल्याणच्या एका ब्राह्मण घराण्याकडे आहे.

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये तिची कथा आहे. १७८० साली इंग्रज कल्याणात आले. ते गेले ते बाबांच्या कृपेने, असं मानून पेशव्यांनी बाबांना जरीची, मोत्यांनी मढवलेली चादर पाठवली, ती काशिनाथपंत केतकरांच्या हाती. कबरीची पडझड झालेली पाहून पंतांनी दुरुस्ती काढली, आणि लागणारे दगड आपोआप घडलेले मिळाले, अशी आख्यायिका आहे. पुढे कल्याणच्या मुसलमानांनी ब्राह्मणाच्या वहिवाटीला हरकत घेतली. १८१७ मध्ये प्रकरण कलेक्टरपुढे गेलं. बाबांची मर्जी कळावी म्हणून तीनदा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तिन्ही वेळा कौल काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या बाजूने लागला.

वाद तिथे मिटला नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९५४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की हे स्थान मिश्र स्वरूपाचं आहे. त्याला ना हिंदू कायदा लागू ना मुस्लिम. लागू होते ती त्याची स्वतःची रूढी किंवा न्यासांचा सर्वसाधारण कायदा.

ही रूढी कोणाची, यावरून गड आजही तापतो. १९८० च्या दशकात शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी हे नाथपंथी मच्छिंद्रनाथांचं समाधिस्थान आहे, असं म्हणत आंदोलन उभारलं. माघी पौर्णिमेला उरूस भरतो आणि त्याच दिवशी आरतीसाठीही माणसं गड चढतात. पायऱ्यांवर त्या दिवशी पोलीस बंदोबस्त असतो.